एका वेळी एकच वायर: नवा टीव्ही घरच्या नेटला आणि बाकीच्या उपकरणांना जोडताना

टीव्हीचं खोकं घरात येतं. कंपनीकडून आलेला माणूस तो भिंतीवर टांगतो, वायफायचा पासवर्ड विचारून घेतो, यूट्यूबवर एखादं गाणं लावून दाखवतो आणि निघतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. डिशचा बॉक्स कुठल्या पोर्टला लावायचा? जुन्या होम थिएटरमधून आवाज का येत नाही? लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आहे, पण टीव्हीला तो दिसतच नाही, असं का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी विचारते, "माझं सह्याद्री कुठं गेलं?"

नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या बऱ्याच घरांत मी ही जोडणी करून दिली आहे. त्यातून अंगात मुरलेली एकच सवय तुम्हाला आधी सांगतो: एका वेळी एकच वायर जोडायची. ती चालतेय हे डोळ्यांनी पाहायचं, कानांनी ऐकायचं, मगच पुढची हातात घ्यायची. सगळं एकदम जोडून टीव्ही लावला आणि आवाज आला नाही, तर दोष पाच ठिकाणी शोधत बसावं लागतं. एकेक जोडत गेलात तर बिघाड जवळजवळ नेहमी शेवटच्या वायरीत असतो.

भिंतीवर टांगण्याआधी

टीव्ही अजून टेबलावर असतानाच त्याच्या मागच्या बाजूचे मोबाइलवर फोटो काढा. एक फोटो सगळ्या पोर्टचा, एक मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर असलेल्या स्टिकरचा. एकदा टीव्ही भिंतीला चिकटला की तिथं मान घालून वाचणं जमत नाही, आणि तक्रार नोंदवताना नेमका तोच नंबर विचारतात.

फोटोत काय काय दिसेल ते पाहू. चपटी, दोन्ही टोकांना जरा निमुळती झालेली पोर्ट म्हणजे एचडीएमआय. ती सहसा दोन, तीन किंवा चार असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. त्यांतल्या एकाशेजारी 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' अशी बारीक अक्षरं असतील. ते पोर्ट कितव्या नंबरचं आहे हे आत्ताच लिहून ठेवा, आवाजाच्या वेळी त्याचं काम पडणार आहे. टेलिफोनच्या पिनेपेक्षा जरा मोठं चौकोनी पोर्ट म्हणजे लॅन, राउटरकडून येणारी नेटची वायर तिथं लागते. यूएसबी तर ओळखीचंच. छोटं झाकण असलेलं, आत लाल उजेड दिसणारं पोर्ट म्हणजे ऑप्टिकल, आवाज बाहेर नेणारं. हेडफोनसारखं गोल भोक दिसलं आणि त्याच्याजवळ 'एव्ही' लिहिलेलं असेल, तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी उपकरणं तिथं लागतात. त्यासाठी एक छोटी जोडवायर लागते. काही टीव्हींच्या खोक्यात ती पुड्यात दिलेली असते, आणि लोक ती थर्मोकोलबरोबर टाकून देतात. टाकू नका.

पोर्ट थेट मागं, म्हणजे भिंतीकडं तोंड करून असतील, तर टांगणाऱ्या माणसाला आधीच सांगा. एचडीएमआयची पिन चार-पाच सेंटीमीटर तरी बाहेर येते. टीव्ही भिंतीला अगदी घट्ट बसवला तर वायर पिनेजवळच काटकोनात दुमडते आणि काही महिन्यांत चित्र लुकलुकायला लागतं. बाजूला तोंड असलेली पोर्ट असतील तर आधी ती वापरा.

मग एका कागदावर मधोमध टीव्ही काढा. डिशचा बॉक्स, गेमचं यंत्र, लॅपटॉप ही सगळी मंडळी टीव्हीकडं येणारी. साउंडबार किंवा होम थिएटर हा टीव्हीकडून बाहेर जाणारा रस्ता. इंटरनेटचा रस्ता वेगळा. पाच मिनिटांचं हे चित्र पुढचा तासभर वाचवतं, आणि किती वायरी किती लांबीच्या लागणार हेही त्यातूनच कळतं.

वायर घेताना महागड्या सोनेरी पिनांच्या मागं लागू नका. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. 'प्रीमियम हाय स्पीड' असेल तर ती सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत चालते आणि नेहमीच्या फोर-के (फुल एचडीहून बारीक) चित्राला पुरते. 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट. नव्या गेमच्या यंत्रांना तिचा उपयोग होतो. लांबी गरजेपुरतीच घ्या. पाच मीटरच्या पुढं साध्या वायरीवर फोर-के चित्र तुटण्याची शक्यता वाढत जाते.

आधी वीज

टीव्ही, बॉक्स, राउटर आणि साउंडबार एकाच स्पाइक गार्डवर असले तर उत्तम. बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुढं काहीच जोडू नका. घराचं अर्थिंग नीट नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलवून ते आधी तपासून घ्या. अशा घरात वायरी लावता-काढताना एचडीएमआय पोर्ट जळाल्याचं मी पाहिलंय, आणि त्या दुरुस्तीचा खर्च अर्थिंगपेक्षा कितीतरी जास्त होतो. अर्थिंग ठीक असलं तरी वायर लावताना दोन्हीकडची उपकरणं बटणावरून बंद ठेवायची सवय चांगली.

वळवाच्या दिवसांत, दुपारनंतर आभाळ भरून आलं की, गडगडायला लागायच्या आधीच डिशची वायर बॉक्समधून काढून ठेवा. गच्चीवरची डिश आणि तिच्यापासून घरात येणारी तांब्याची वायर हा विजेला घरात यायचा सरळ रस्ता आहे. नुसतं बटण बंद करून तो रस्ता बंद होत नाही.

घरचं नेट: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

टीव्हीवर चित्र अडकलं की घरात पहिलं वाक्य येतं, "प्लॅन वाढवायला पाहिजे." बहुतेक वेळा त्याची गरज नसते. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट) आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग पुरतो. घरात ४०चा प्लॅन असेल तर दोन खोल्यांत दोन फोर-के कार्यक्रम चालायला हरकत नाही. अडचण असते ती राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या काही फुटांत.

फायबर ओढायला आलेला माणूस राउटर कुठं बसवतो? जिथून वायर आत आली तिथं. म्हणजे दारावर, बेडरूमच्या कोपऱ्यात, नाहीतर टीव्हीच्याच कपाटात, बॉक्सच्या मागं, दार लावून. तुम्ही घरी असाल तर त्याला थांबवून जागा तुम्ही ठरवा. राउटर उघड्यावर, डोक्याच्या उंचीला, घराच्या मध्याकडं हवा. आरशामागं, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटाशेजारी नको.

वायफायच्या दोन लहरी असतात, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिली लांब जाते, भिंतीतून बरी जाते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथंच. दुसरी वेगवान, पण भिंत आली की दमते. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा मध्ये एकच विटांची भिंत असेल तर ५ निवडा. दोन-तीन भिंती असतील तर २.४ वर जास्त स्थिर चालेल. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरात किंवा जुन्या वाड्याच्या हातभर जाड भिंतीत ५ची आशाच सोडा. माझ्या आजोळच्या घरात ओटीवरच्या राउटरची लहर माजघरात पोचता पोचता संपायची. तिथं शेवटी लॅनची वायर आढ्याच्या कडेनं ओढली, तेव्हा कुठं काम झालं. आणखी एक लक्षात घ्या: बरेच स्वस्त बत्तीस इंची टीव्ही फक्त २.४ वर चालतात. यादीत ५चं नाव दिसत नसेल तर टीव्ही बिघडला असं समजू नका.

अंदाज घेण्याची साधी रीत अशी. टीव्ही जिथं लागणार तिथं मोबाइल धरून उभे राहा, मोबाइल डेटा बंद करा, ज्या लहरीवर टीव्ही जोडणार तिच्यावर मोबाइल जोडा आणि वेग मोजा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-साडेनऊला, कारण गर्दी तेव्हाच असते. रात्रीचा आकडा २५ च्या वर राहिला तर वायफायवर निर्धास्त राहा.

नाहीतर लॅनची वायर. शक्य असेल तर मी नेहमी वायरच सुचवतो, कारण टीव्ही काही घरभर फिरत नाही. एका जागी राहणाऱ्या वस्तूला वायर शोभते. 'कॅट फाइव्ह ई' किंवा 'कॅट सिक्स' घ्या; शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात लांबीची काळजीच नाही. चपटी वायर मिळते, ती स्कर्टिंगच्या कडेनं क्लिपांनी बसवता येते. वायर लावल्यावर वेग मोजला आणि २०० च्या प्लॅनवर नव्वदच्या आसपास आकडा आला तर गोंधळू नका. पुष्कळ टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. ओटीटीसाठी, म्हणजे नेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या ॲपसाठी, ते भरपूर आहे. घरातल्याच हार्डडिस्कवरून मूळ दर्जाच्या फार मोठ्या फोर-के फाइल नेटवर्कवरून पाहणाऱ्यांना मात्र ते कमी पडू शकतं. त्यांनी जवळच्या राउटरची ५ वापरून पाहावी.

आता प्रत्यक्ष जोडणी.

टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क' उघडा. वायर असेल तर ती लावताच टीव्ही स्वतः ओळखतो. वायफाय असेल तर यादीतून घरचं नाव निवडा आणि पासवर्ड टाका. रिमोटनं अक्षरं टिपताना चूक हमखास होते, म्हणून 'पासवर्ड दाखवा' ही खूण लावून मगच लिहा. मोठं आणि लहान अक्षर यांत फरक असतो. नाव यादीत आहे, पासवर्ड बरोबर आहे आणि तरी जोडत नाही, असं जुन्या टीव्हीच्या बाबतीत झालं तर राउटरची सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए थ्री' या नव्या प्रकारावर आहे का ते पाहा. 'डब्ल्यूपीए टू' चालू केलं की जुने टीव्ही जोडले जातात.

नेट लागलं की लगेच तारीख आणि वेळ पाहा. ती 'ऑटोमॅटिक' असू द्या. वेळ चुकीची असेल तर ॲप उघडतच नाहीत, आणि कारण पडद्यावर कुठंच नीट लिहिलेलं नसतं. त्यानंतर सॉफ्टवेअर अपडेट. त्याला अर्धा तास लागला तरी थांबा आणि मध्ये वीज बंद करू नका. ॲप, खाती, पासवर्ड हे सगळं अपडेटनंतर. आधी केलंत तर कधी कधी पुन्हा करावं लागतं.

'वायफाय जोडलं आहे, पण इंटरनेट नाही' असं दिसलं तर घाईनं टीव्ही फॅक्टरी रिसेट करू नका. आधी राउटरकडं जा. 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागलाय? मग फायबरच तुटलंय. तुमच्या नेटवाल्याला फोन करा. लाल दिवा नाही, पण मोबाइलही त्या वायफायवर चालत नाही? राउटरची पिन काढून अर्ध्या मिनिटानं परत लावा. मोबाइल चालतो आणि टीव्ही नाही? मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडून पाहा. हॉटस्पॉटवर चालला तर टीव्ही ठीक आहे, गाठ राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. या तीन प्रश्नांनी निम्म्याहून जास्त भांडणं मिटतात.

डिशचा किंवा केबलचा बॉक्स

इथं एक गोष्ट मला मनापासून खटकते. घरात नवा कोरा फोर-के टीव्ही, एचडी पॅकचे पैसे दर महिन्याला, आणि बॉक्स मात्र अजून जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं जोडलेला. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्सच्या मागं एचडीएमआय पोर्ट आहे का पाहा. असेल तर आजच एक वायर आणा. फरक समोर दिसेल. बॉक्सला एचडीएमआय नसेलच तर तो साधा बॉक्स आहे, त्याला ती एव्हीची जोडवायर लागेल. बदलून एचडी बॉक्स मिळतो का ते कंपनीला विचारा.

जोडणी अशी: बॉक्सची एचडीएमआय टीव्हीच्या अशा पोर्टला लावा की ज्याच्याजवळ 'एआरसी' लिहिलेलं नाही. ते पोर्ट आवाजासाठी राखून ठेवा. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून तोच नंबर निवडा. चित्र आलं की बॉक्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा आकार '१६:९' आणि चित्र '१०८०' वर करा. जुन्या टीव्हीसाठी केलेली '४:३' ची सेटिंग तशीच राहिली तर सगळी माणसं बुटकी आणि जाड दिसतात.

एक विनंती. दूरदर्शनचे जुने कार्यक्रम मुळातच जवळपास चौकोनी आहेत. ते लावल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या येऊ द्या. पडदा भरावा म्हणून 'स्ट्रेच' केलं की चेहरे बिघडतात, आणि ज्यांनी ते कार्यक्रम तेव्हा पाहिलेत त्यांना ते लगेच जाणवतं.

डीडी फ्री डिश असेल तर मासिक पैसे नाहीत, फक्त डिश आणि बॉक्सचा एकदाचा खर्च. ती डिश जीसॅट-१५ या उपग्रहाकडं, ९३.५ अंश पूर्व, अशी वळवलेली असते. दुसऱ्या कंपनीची डिश त्याच खांबावर असली तरी तिची दिशा वेगळी असू शकते, म्हणून नुसता बॉक्स बदलून चॅनेल येत नाहीत. जुलैच्या मुसळधार पावसात 'सिग्नल नाही' असं आलं तर टीव्हीची एकही वायर हलवू नका. या लहरी दाट पावसात विरतात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येतं.

आवाज: इथं बहुतेक जण अडकतात

पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, म्हणून बातम्यांत शब्द नीट ऐकू येत नाहीत. घरात ज्येष्ठ माणसं असतील तर माझ्या मते मोठ्या पडद्यापेक्षा साधा साउंडबार जास्त उपयोगाचा.

साउंडबारला एचडीएमआय असेल तर एकच वायर पुरते. एआरसी म्हणजे त्याच वायरीतून आवाज टीव्हीकडून उलट बाहेर नेण्याची सोय; ती २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. २०१७ मध्ये आलेल्या २.१ मध्ये तिची वाढीव आवृत्ती ई-एआरसी आहे. तुम्ही एवढंच करा:

१. वायरीचं एक टोक टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टला लावा. दुसऱ्या कुठल्याही नाही.
२. दुसरं टोक साउंडबारच्या 'टीव्ही एआरसी' किंवा 'एचडीएमआय आउट' लिहिलेल्या पोर्टला. 'इन' लिहिलेल्या नाही.
३. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करा. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगचं 'एनीनेट प्लस', एलजीचं 'सिम्पलिंक', सोनीचं 'ब्राव्हिया सिंक'.
४. 'साउंड आउटपुट' मध्ये टीव्ही स्पीकरच्या जागी एआरसी किंवा रिसीव्हर निवडा.

दुसऱ्या पायरीवर मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. मामांच्या घरी वायर 'इन' मध्ये लावली होती, चित्र उत्तम, आवाज शून्य. टीव्ही, साउंडबार, वायर सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी टॉर्च मारून साउंडबारच्या मागची अक्षरं वाचली. म्हणून म्हणतो, अंदाजानं लावू नका, वाचून लावा.

सीईसीचा आणखी एक फायदा असा की टीव्हीच्याच रिमोटनं साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की तोही बंद होतो. घरात एक रिमोट कमी होणं ही लहान गोष्ट नाही.

जुन्या होम थिएटरला एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकल वायर वापरा. तिच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक टोपणं असतात, ती काढल्याशिवाय पिन बसत नाही. जोडूनही आवाज नाही, किंवा यूट्यूबचा येतो आणि चित्रपटाचा येत नाही, असं झालं तर 'डिजिटल आउटपुट' हा पर्याय 'ऑटो' वरून 'पीसीएम' वर करा. जुन्या यंत्राला डॉल्बी, म्हणजे चित्रपटांचा दाबून भरलेला आवाज, उलगडता येत नसेल तर ते गप्प बसतं. पीसीएम म्हणजे साधा, न दाबलेला आवाज; तो त्याला कळतो.

ब्लूटूथनंही साउंडबार जोडता येतो, पण तो मी शेवटचा पर्याय मानतो. आवाज किंचित मागं पडतो. गाणी ऐकायला चालतं, बातमीदाराचे ओठ आणि शब्द मात्र जुळत नाहीत. तीच वेळ आली तर सेटिंगमध्ये 'एव्ही सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' असतं, ते थोडं थोडं हलवून पाहा. हेडफोनसाठी मात्र ब्लूटूथ छान. रात्री घरचे झोपले असताना आजोबांना क्रिकेट पाहायचं असेल तर दुसरा उपाय नाही.

मोबाइल, पेनड्राइव्ह, लॅपटॉप

मोबाइलवरचं टीव्हीवर दाखवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घ्या. पहिल्यात तुम्ही ॲपमधली कास्टची खूण दाबता. मोबाइल फक्त सांगतो की हे लाव, आणि टीव्ही तो कार्यक्रम स्वतः इंटरनेटवरून ओढतो. मोबाइल मोकळा राहतो, फोन आला तरी चित्र थांबत नाही. आयफोनवाल्यांना त्यासाठी एअरप्ले असतं, टीव्हीत ती सोय असेल तर. दुसऱ्या प्रकारात मोबाइलचा अख्खा पडदा टीव्हीवर उमटतो. बॅटरी भराभर उतरते, आणि कुणाचा मेसेज आला तर तोही सगळ्या पाहुण्यांसमोर येतो. फोटो दाखवायचे असतील तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा.

कास्टच्या यादीत टीव्ही दिसत नाही, याचं कारण बहुधा एकच: मोबाइल आणि टीव्ही एका नेटवर्कवर नाहीत. मोबाइल गेस्ट वायफायवर असेल तरी दिसत नाही, कारण गेस्टवरची उपकरणं मुद्दाम बाकीच्यांपासून वेगळी ठेवलेली असतात.

पेनड्राइव्हचं दुखणं वेगळं. 'फॅट ३२' प्रकारे फॉरमॅट केलेल्या (म्हणजे फाइल त्या पद्धतीनं साठवणाऱ्या) ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि लग्नाचा पूर्ण व्हिडिओ त्याहून मोठा असतो. मग कुणीतरी ड्राइव्ह वेगळ्या प्रकारे फॉरमॅट करून देतं आणि टीव्हीला तो वाचता येत नाही. टीव्हीच्या माहितीपुस्तकात कोणता प्रकार चालतो ते पाहा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस यांपैकी एक तरी सहसा चालतो. ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करण्याआधी व्हिडिओची प्रत दुसरीकडं ठेवा, तो एकदा गेला की गेला. चित्र दिसतं पण आवाज नाही असं असेल तर अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी ॲप टाका, पुष्कळ फाइल तिच्यात चालतात.

लॅपटॉप एचडीएमआयनं जोडा, विंडोजची कळ आणि 'पी' एकदम दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील तर लॅपटॉपमध्ये शोधत बसू नका. टीव्हीच्या चित्राच्या आकारात 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा तशा नावाचा पर्याय असतो. गेमचं यंत्र असेल तर त्या इनपुटवर 'गेम मोड' चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो.

टीव्ही जुना असला तरी त्याला एचडीएमआय असेल तर तो बदलण्याची गरज नाही. स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीवर ॲप चालवणारं एचडीएमआयला लागणारं छोटं यंत्र, लावा. तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, तिच्या स्वतःच्या अडॅप्टरमधून द्या. टीव्हीचं यूएसबी बऱ्याचदा पुरेशी वीज देत नाही आणि स्टिक मधूनच बंद पडते. खोक्यात एचडीएमआयची छोटी जोडवायर दिलेली असेल तर तीही वापरा. टीव्हीच्या पाठीला चिकटलेल्या स्टिकला वायफाय नीट मिळत नाही. फार स्वस्त, अनोळखी नावाचा बॉक्स मात्र टाळा. त्याला ओटीटी कंपन्यांची मान्यता नसली तर पैसे भरूनही चित्र धूसरच दिसतं.

टीव्हीच्या नजरेबद्दल

टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना 'ॲग्री, ॲग्री' करत आपण पुढं जातो. त्यांतल्या एका परवानगीनं तुम्ही काय पाहता हे टीव्ही ओळखतो आणि कळवतो. बॉक्सवरचं असलं तरीसुद्धा. अमेरिकेत याच कारणावरून २०१७ साली व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीनं २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' अशा नावांखाली ते बंद करता येतं. बंद केल्यानं चित्राला किंवा ॲपना काहीही होत नाही. त्याच बैठकीत मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि खरेदीला पिन लावा.

शेवटची बैठक, आजीबरोबर

इनपुटला नावं द्या. 'एचडीएमआय २' हे आजीला काय कळणार? बहुतेक टीव्हींत ते नाव बदलता येतं. 'डिश', 'गेम', 'लॅपटॉप' असं करा. टीव्ही सुरू होताना ॲपची जाहिरातींनी भरलेली पानं येण्याऐवजी शेवटचं इनपुट लागावं, अशी सेटिंग असेल तर ती करा. मग बटण दाबलं की समोर थेट चॅनेल येतं, पूर्वीसारखं.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: वायफायचं नाव आणि पासवर्ड, डिशचा ग्राहक क्रमांक, नेटवाल्याचा फोन, कुठल्या पोर्टला काय लावलंय. कागद टीव्हीच्या मागं नको, तिथं कुणी वाचत नाही. कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहून गुंडाळा, कारण दिवाळीच्या साफसफाईत त्या निघणारच आहेत.

मग रिमोट आजीच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी बसा. काही सांगू नका, हात पुढं करू नका. ती कुठं अडखळते ते पाहा आणि तेवढीच सेटिंग बदला. तिनं टीव्ही लावला, सह्याद्री आणलं, आवाज हवा तेवढा केला आणि बंद करून पुन्हा लावला, की खोकं माळ्यावर टाका.